झोंबेल ते चोखोट

"अगं, हे हिरवं आहे," पापनाशम गावाहून लग्नाच्या खरेदीला आलेल्या बाई म्हणाल्या. तोवर मी कापड फाडलं होतं. एक नव्हे, पाच तुकडे. कात्रीनं कडेला चीर द्यायची आणि टर्रकन फाडायचं, ही आमच्या साड्यांच्या दुकानातली पद्धत होती. पाचही तुकडे फाडून, घडी घालून मी एकावर एक रचले होते. नवरीचा, तिच्या दोन बहिणींचा, आत्याचा आणि खुद्द बाईंचा. पाचजणींना सारखीच साडी होती, आणि नमुना म्हणून समोर पसरलेली ती साडी मोरकंठी होती. या रंगाला इकडून पाहिलं तर निळा दिसतो, तिकडून पाहिलं तर हिरवा, आणि त्याला अस्तर-ब्लाऊज जुळवायचं म्हणजे डोळस माणसाचीही परीक्षा असते. मला तर साडीही दिसत नव्हती आणि कापडही. दोन्ही पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं हलत होतं. डावा डोळा जवळजवळ मिटलेला, उजव्याला धार लागलेली, आणि पापण्यांना फासलेलं काळं त्या धारेबरोबर गालावरून हनुवटीपर्यंत उतरलेलं. मी ते मनगटानं पुसलं, आणि तेच मनगट समोरच्या पांढऱ्या अस्तराच्या ताग्यावर टेकवलं. "ही पोरगी रडते का?" मागची एक बाई म्हणाली. "रडते कसली, मद्रास आय आहे," दुसरी म्हणाली. त्याबरोबर काउंटरपुढची आठ-दहा माणसं एका पावलात मागं सरली, फरशीवर साप निघाल्यासारखी.

डोळे येण्याला आमच्या तंजावरात मद्रास आय म्हणतात. वाईट काही आलं की ते मद्रासहून आलं, अशी आमची समजूत आहे. जयंती मॅडमही मद्रासहूनच आल्या होत्या. चार मजली साड्यांच्या नव्या दुकानात आम्हा आठ मुलींना कसं उभं राहायचं, कसं हसायचं आणि तोंडाला काय लावायचं हे शिकवायला मालकानं त्यांना आणलं होतं. त्या जिन्यावरून टाचा वाजवत उतरल्या. आधी माझं तोंड पाहिलं, मग फाडलेले तुकडे, मग पांढऱ्या ताग्यावरचा माझा काळा शिक्का. "आत जा," त्या म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं. "आत नको. कुणाला हात लावू नकोस. घरी जा, आणि मी सांगितल्याशिवाय येऊ नकोस." पापनाशमच्या बाई ओरडतच होत्या, "आणि माझं कापड? येत्या मुहूर्ताला लग्न आहे माझ्या घरात!" ही सगळी बोलणी तमिळमध्ये चालली होती, मी मराठीत लिहिते आहे. तमिळमध्ये ती जास्त लागतात.

मी घरी चालत गेले. दुकान जुन्या बस स्टँडजवळ, तिथून आमची गल्ली पंधरा मिनिटांवर. त्या दिवशी मला अर्धा तास लागला, कारण सायकली चुकवायच्या तर त्या दिसायला हव्यात. वाटेत मी डोळ्यांचा विचार करत नव्हते. मी पोस्टकार्डाचा विचार करत होते.

ते पोस्टकार्ड अप्पांच्या मेजाच्या खणात होतं. ओरत्तनाडूच्या एका घराचा पत्ता त्यावर लिहून तयार होता, मजकूर तेवढा बाकी होता. त्या घरी आमच्यातलाच, मराठी बोलणारा, शेतकी खात्यात नोकरीला असलेला एक मुलगा होता. मुलगा म्हणायचं. चाळिशीला आला होता, आणि त्याची आई मला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत बघून गेली होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची. आई गेली तेव्हा पाचवीत होते. शाळा तिथंच थांबली, कारण थोरली बहीण लग्न होऊन गेली होती आणि चुलीपुढं कुणीतरी बसायला हवं होतं. तेरा वर्षं मी घर बघितलं. मग हे नवं दुकान निघालं, त्यांनी मुली हव्यात अशी पाटी लावली, आणि पाटीवर शिक्षणाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मी गेले, त्यांनी घेतलं. अप्पांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दीपावळीपर्यंत बघू. दीपावळीला तू त्या दुकानात उभी असलीस तर मी काही म्हणणार नाही. मध्ये काही भानगड झाली, तर मी ओरत्तनाडूला कार्ड टाकतो, आणि तू काही म्हणायचं नाही." मी कबूल केलं. अप्पा सत्रांच्या, म्हणजे राजांच्या वेळच्या धर्मशाळांच्या, कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना अटी घालायला आवडायचं.

आमच्या घरात खरी सत्ता मात्र अप्पांची नव्हती. ती अंबुजा अत्तेची होती. अत्ते म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, उंच, काटक, आणि सगळ्या गल्लीची वैद्य. स्वयंपाकातलं मनाला येईल तेवढंच ती करायची, रोजची चूल माझी. अप्पा निवृत्त झाले तरी तिच्यासाठी ते "अरे राजू"च होते. शेजारी वीणा करणाऱ्याचं घर होतं. सकाळपासून त्याचा रंधा फणसाच्या लाकडावर खर्र खर्र चालायचा, आणि त्या तालावर आमच्या घरात अत्ते उडदाचं पीठ दह्यात कालवून डांगर पचडी करायची, नाहीतर आमटीला चिंच कोळायची. समोरच्या घरात नुकतीच केबल आली होती. वायर रस्त्यावरून कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायची. तिथं दिवसभर कुठली तरी बाई पापण्या फडफडवत साबण नाहीतर शांपू विकत असायची. अत्ते ओसरीवर बसून ते बघायची आणि म्हणायची, "डोळे बघ गे तिचे. नुसता रंग. एक थेंब पाणी नाही. असलं काजळ काय कामाचं?"

अत्तेचं काजळ म्हणजे गल्लीत प्रसिद्ध चीज. माक्याच्या रसात फडकं बुडवून सावलीत वाळवायचं. इकडे माक्याला करिसलांकण्णी म्हणतात, आणि तो वायलाच्या, म्हणजे भातशेताच्या, बांधावर वाटेल तितका मिळतो. त्या फडक्याची वात करून एरंडेलाच्या दिव्यात पेटवायची, तीन विटांवर पितळेचं ताट पालथं घालायचं, आणि ताटाला आतून चंदन फासून ठेवायचं. सकाळी पेटवलेला दिवा जेवणाच्या वेळेपर्यंत जळायचा. मग ती काजळी मोराच्या पिसानं झाडून घ्यायची, एरंडेलात खलायची, आणि शेवटी चिमूटभर खायचा कापूर. हा कापूर ही अत्तेची स्वतःची भर होती, आणि सगळी मेख तिथंच होती. शुक्रवारी न्हाणं झालं की ती आम्हाला समोर बसवायची, अनामिकेनं काजळ घालायची, आणि तोंडाकडे बघत थांबायची. डोळ्यांतून पाणी आलं नाही, तर पुन्हा घालायची. पाणी आलं की मान डोलवायची. "आलं की गे पाणी! आता घाण निघाली. झोंबेल ते चोखोट." चोखोट म्हणजे चांगलं. आमच्या मराठीत हा शब्द राहिला आहे. पुण्याच्या लोकांपुढं मी तो वापरला की ते माझ्याकडे वस्तुसंग्रहालयातल्या तलवारीकडे बघावं तसं बघतात.

तर मी चोवीस वर्षं हे शिकले होते, की जे डोळ्यांना झोंबतं ते औषधी, आणि जे झोंबत नाही ते भेसळीचं. हे शिकवलेलं विसरणं फार अवघड असतं. शाळेतलं सगळं विसरले, हे नाही विसरले.

दुकानात पहिल्याच दिवशी जयंती मॅडमनी आम्हाला जिन्याच्या वळणावर आरशापुढं रांगेत उभं केलं. हातात एक छोटी काळी बाटली, तिच्या झाकणालाच कुंचला. त्यांनी आठही जणींच्या पापण्यांच्या कडेला त्या एकाच कुंचल्यानं रेघ ओढली. मग दुसरी एक नळी काढली, तिच्यात भांडी घासायच्या ब्रशाचं पिल्लू असावं तसं काहीतरी होतं. त्यानं पापण्यांचे केस काळे केले. पापण्यांच्या केसांना काळं करायचं हे मला नवीन होतं. ते जन्मतःच काळे असतात असा माझा समज होता. "हलू नका," मॅडम म्हणत होत्या, "बाहेरची बाई आत आली की आधी तुमचे डोळे दिसले पाहिजेत." दोन मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले. मी खूश झाले. मनात म्हटलं, मद्रासचा माल असला तरी अस्सल आहे.

माझ्या शेजारी मलर नावाची मुलगी होती, तिरुवैयारूहून रोज बसनं येणारी. ती कुजबुजली, "अक्का, मला आग होते आहे. सांगू का मॅडमना?" मी तिला म्हटलं, "वेडी आहेस का? आग झाली म्हणजे चांगलं आहे. घाण निघते." मलरनं ते पुढच्या मुलीला सांगितलं, तिनं तिच्या पुढच्या. चार दिवसांनी खुद्द मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्याही तीच बाटली वापरत होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "या मुली म्हणतात तू जुन्या मराठी घराण्यातली आहेस. तुमच्या घरात डोळ्यांचं काही जाणतात का?" मी छाती पुढे काढून अत्तेचं वाक्य तमिळ करून सांगितलं. मॅडमना ते इतकं पटलं, की त्यांनी ते बाकीच्या मुलींना सांगायला सुरुवात केली. दुकानात माझी जी थोडीफार पत वाढली, ती यामुळे वाढली.

संध्याकाळी घरी येऊन तोंड धुवायचं म्हटलं तर ते काळं निघेना. साबणानं निघालं नाही, बेसनानं निघालं नाही. शेवटी मी शिकेकाईनं घासलं. शिकेकाई डोळ्यांत गेल्यावर काय होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी करून बघू नये. निम्मं निघायचं, निम्मं राहायचं. राहिलेल्यावर तशीच झोपायची. सकाळी पापण्या चिकटलेल्या. मग अत्ते म्हणायची, "उष्ण पडलं गे तुला, उभं राहून राहून," आणि थंडावा म्हणून आपलं कापराचं काजळ वरून घालायची. त्यावर दुकानात मॅडमची रेघ. आठवड्यानंतर पापण्यांची कातडी कोंडा पडल्यासारखी सुटायला लागली. दोन आठवड्यांनी त्या पुरणपोळीच्या कडेसारख्या सुजल्या. मला खाज सुटायची, आणि मी स्वतःला सांगायची की इतकी घाण होती तर, चोवीस वर्षांची, आता निघते आहे. मूर्खपणाचं असं असतं. आत असताना तो फार सुसंगत वाटतो.

तर त्या अवस्थेत, दीपावळी तीन आठवड्यांवर असताना, मी मोरकंठी साडीला बाटलीसारखं हिरवं कापड फाडून घरी आले. अप्पांनी ओसरीवरून माझं तोंड पाहिलं, उठले, आत गेले, आणि बाहेर आले ते काळा चष्मा घालून. मद्रास आय नुसतं बघितल्यानं लागतं अशी त्यांची खात्री होती. माझं ताट, माझा तांब्या वेगळा काढला. मग काळ्या चष्म्यातूनच त्यांनी पेपर वाचायला घेतला. उन्हं उतरलेली, माजघरात अंधार. एका बातमीवर ते पाऊण तास होते. मी विचारलं, "अप्पा, कार्ड टाकणार?" ते म्हणाले, "भानगड झाली की नाही?" मी म्हटलं, "झाली." ते म्हणाले, "मग?" आणि पेपरचं पान उलटलं, जे त्यांनी वाचलं असण्याची शक्यता नव्हती.

अत्तेला मद्रास आय मान्य नव्हतं. तिच्या मते ही दृष्ट होती. "आठ पोरी उभ्या त्या दुकानात, त्यात ही एक आमच्या घरातली. लागणारच! अस्के येऊन हिच्याच डोळ्यांकडे बघत असणार." अस्के म्हणजे सगळे. मला पाटावर बसवलं. मुठीत मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या घेऊन माझ्यावरून तीनदा उतरवल्या आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. दृष्ट असली तर मिरचीचा खाट येत नाही, नसली तर येतो, असं शास्त्र आहे. खाट असा आला, की शेजारच्या वीणावाल्याचा रंधा थांबला आणि तो खोकत रस्त्यावर गेला. अप्पा चष्म्यासकट परसात गेले. माझ्या डोळ्यांचं काय झालं ते मी लिहीत नाही. अत्ते स्वतः पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून धारा गाळत म्हणाली, "इतका खाट म्हणजे दृष्ट नाही गे." मी म्हटलं, "अत्ते, आधी विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं." "तुला काय कळतं दृष्टीतलं!" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डोळे उघडेनात. मी अंथरुणावर बसून बोटांनी पापण्या ओढत होते, आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. लग्नाची नव्हे, दुकानाचीही नव्हे. आंधळ्या बाईला ओरत्तनाडूवाल्यांनीसुद्धा केलं नसतं, पण मला त्याचं काही नव्हतं. मला वाटलं, रंग दिसणार नाहीत. त्या दुकानात पहिल्यांदा मला कळलं होतं की मला रंग कळतात. एका वेळी तीस लाल तागे समोर असले, तरी त्यातला कुठला आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखा लाल आणि कुठला लाखेचा, ते मी एका नजरेत सांगत असे. हे येतं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण चुलीपुढं त्याचा उपयोग नव्हता. मी अत्तेला हाक मारली आणि म्हटलं, "मला सरकारी दवाखान्यात ने." "कशाला? मी नंद्यावट्टाची फुलं पाण्यात घालून..." "अत्ते, तू नेलं नाहीस तर मी भिंती चाचपत जाईन, आणि गल्ली बघेल." गल्लीनं बघणं अत्तेला परवडणारं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयस्क, जाड भिंगाच्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी ओला कापूस माझ्या पापणीवरून फिरवला आणि वर धरून बघितला. मग दुसरा, मग तिसरा. तिसराही काळा. त्या म्हणाल्या, "ही मुलगी आहे की कंदिलाची काच?" अत्ते म्हणाली, "मद्रास आय आहे का, अम्मा?" "नाही. काय लावतेस डोळ्यांना?" मी सांगितलं. बाटली, नळी, एक कुंचला आठ जणींना, शिकेकाई, अत्तेचं काजळ, मिरच्यांचा धूर. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "जळत होतं की नाही?" "होतं." "मग पुसलं का नाहीस?" मी म्हटलं, "जळायलाच पाहिजे ना?" त्यांनी भिंगं काढली, माझ्याकडे पाहिलं, मग अत्तेकडे. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण त्यांनी बरोबर माणूस ओळखलं. म्हणाल्या, "पाटी, तुमच्या हातावर निखारा पडला तर तुम्ही तो चांगला म्हणून तसाच ठेवता का?" पाटी म्हणजे आजी. अत्तेला आजी कुणी म्हटलेलं चालत नसे. ती ताठ झाली. "माझ्या काजळावर तीन पिढ्या वाढल्या. एकीला चष्मा नाही." "त्या डोळ्यांच्या बळावर वाढल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काजळाच्या नव्हे." मग मला म्हणाल्या, पापण्या भाजल्यासारख्या झाल्या आहेत, आणखी आठ दिवस हेच केलं असतंस तर बुबुळाला जखम झाली असती. थंड पाण्याच्या घड्या, लिहून देते ते थेंब, आणि महिनाभर डोळ्यांना काहीही नाही. दुकानाचं नाही, घरचं नाही, एरंडेल नाही, फुलं नाहीत. पुढेही जे झोंबेल ते त्याच क्षणी धुवायचं. आणि दुसऱ्याच्या डोळ्याला लागलेला कुंचला आपल्या डोळ्याला कधी नाही.

परत येताना अत्ते माझा हात धरून चालत होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "कापूर थोडा जास्त पडत असेल." तिच्या आयुष्यात तिनं दिलेली ही एकमेव कबुली. मी ती जपून ठेवली आहे.

अप्पांनी मात्र कार्ड टाकलं होतं. उत्तरही आलं. पुढच्या रविवारी मंडळी बघायला येणार होती. तोवर माझ्या डोळ्यांची सूज उतरत होती. पाचव्या दिवशी मला छताची कौलं मोजता आली, आठव्या दिवशी समोरच्या केबलमधल्या बाईच्या साडीचा रंग सांगता आला. गुरुवारी सकाळी मी साधी सुती साडी नेसले, टिकली लावली, आणि दुकानाकडे निघाले. अप्पा म्हणाले, "बोलावलंय का त्यांनी?" मी म्हटलं, "नाही." "मग?" त्यांचंच "मग" मी त्यांना परत करून गेले नाही, तेवढी रीत मला होती. पण मनात केलं.

दुकानात दीपावळीची गर्दी, आणि काउंटरवर आठांपैकी चारच मुली. जयंती मॅडम गल्ल्याजवळ उभ्या होत्या, आणि दुकानाच्या आत, ट्यूबलाइटखाली, त्यांनी काळा चष्मा घातलेला होता. मला बघून त्या म्हणाल्या, "तू! तुझ्यामुळं सगळ्या दुकानाला मद्रास आय लागलं. मलर घरी बसली आहे. मला समोरचा माणूस दोन दिसतो." मी म्हटलं, "मॅडम, मद्रास आय नाही. ती बाटली आहे. आणि मी सांगितलं होतं ना की झोंबलं तर चांगलं, ते चूक होतं. माझं चुकलं. तुम्ही आजच दवाखान्यात जा, आणि मलरलाही सांगा." त्यांनी चष्मा काढला. सुजलेल्या पापण्यांतून माझ्या कोऱ्या डोळ्यांकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं आता हाकलतील. त्या म्हणाल्या, "तू हे असं, काही न लावता, काउंटरला उभी राहणार?" "हो." "मालक काय म्हणतील?" "मालकांना पापनाशमच्या बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं. मॅडम कण्हल्या. "रोज येते आहे. चौघींनी चार कापडं दाखवली, एकही जुळत नाही. आता येईलच."

बाई आल्याच. मोरकंठी साडी काखेत, मुलगी मागं, तोंड आधीच उघडलेलं. मला बघून थबकल्या. "आज डोळे आणलेस वाटतं घरून," त्या म्हणाल्या. मी साडी घेतली, सहा निळे तागे खांद्यावर टाकले, आणि काउंटरवर न पसरता सरळ दुकानाच्या दारात, उन्हात जाऊन उभी राहिले. बाई ओरडल्या, "कुठं घेऊन चाललीस माझी साडी?" मी म्हटलं, "तुमची मुलगी लग्नाला ट्यूबलाइटखाली बसणार की मांडवात?" ट्यूबलाइटखाली निळे तागे सगळे एकच दिसत होते. उन्हात चार तागे आपोआप बाद झाले. उरलेल्या दोन्हींवर साडीचा पदर आधी सरळ धरला, मग आडवा, कारण मोरकंठी दोन्ही अंगांनी बघावा लागतो. पाचवा तागा बसला. इतका बसला की साडी कुठं संपते आणि कापड कुठं सुरू होतं ते शोधावं लागलं. बाईंनी स्वतः ताग्याला नाक लावून बघितलं. मुलीला म्हणाल्या, "तुझ्या आत्यालाही इथंच घेऊन ये." मी पाच तुकडे फाडले. या वेळी डोळ्यांत काही नव्हतं.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत दाराशीच होते. मॅडमनी तिथं एक लाकडी घोडा आणून ठेवला, तागे टाकायला. दवाखान्यात त्या दुपारीच जाऊन आल्या. बाटली कुठं गेली ते मी विचारलं नाही. जिन्याच्या वळणावरची रांग मात्र दुसऱ्या दिवसापासून लागली नाही. हल्ली माझ्या भाचीच्या मुली डोळ्यांना काय काय लावतात आणि मला सांगतात, आजी, हे डॉक्टरांनी तपासलेलं असतं. असेल. मी एवढंच विचारते, झोंबतं का? झोंबत नाही म्हणाल्या तर मी गप्प बसते. त्यांतली थोरली एकदा म्हणाली, थोडंसं. तिला मी नळावर नेऊन धुतली, तिच्या बाविसाव्या वर्षी.

घरी जाऊन मी अप्पांना सांगितलं की मी कामावर आहे आणि दीपावळीलाही असेन. ते ओसरीवर बसले होते, काळा चष्मा कपाळावर. म्हणाले, "पण भानगड झाली होती." अत्ते आतून म्हणाली, "अरे राजू, अट दीपावळीची होती. दीपावळी आली का?" "नाही, अक्का, पण..." "मग तुझं कार्ड घाईचं झालं. दुसरं टाक." अप्पांनी दुसरं कार्ड टाकलं. त्यात त्यांनी काय कारण लिहिलं ते मला आजवर माहीत नाही. ओरत्तनाडूवाल्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, त्यावरून कारण भक्कम असावं. रविवारच्या पाहुण्यांसाठी अत्तेनं रवा आधीच भाजून ठेवला होता. त्याची सोजी आम्ही तिघांनी खाल्ली, आणि एक वाटी वीणावाल्याकडे पाठवली, मिरच्यांच्या खाटाची भरपाई म्हणून.

दीपावळीला मी दारात उभी होते, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षं. लग्न केलं नाही. अप्पा गेले, अत्ते गेली, जयंती मॅडम मद्रासला परतल्या आणि तिथंच गेल्या. मलर तिरुवैयारूला होती, तीही दोन वर्षांमागं गेली. त्या बाटलीनं ज्यांचे डोळे जाळले त्यांतली, मला माहीत असलेली, आता मी एकटी आहे.